थंडी पाकिटाला हवी, मुरघासाला नाही



परवा दुकानात मुरघासाच्या कल्चरचं नवीन पाकीट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "काका, हे थंडीतपण काम करतं." मी म्हटलं, बाबा, आपण पनवेलच्या पलीकडे राहतो. इथं जानेवारीच्या रात्रीसुद्धा पारा 15-16 च्या खाली फारसा जात नाही. मला थंडीचं औषध कशाला?

थंड मुलखात त्याची गरज खरीच आहे. मुरघास आंबवणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू 20 ते 35 अंशांत जोमात असतात, 10 च्या खाली सुस्तावतात. आम्ल लवकर तयार झालं नाही की घाण जिवाणूंना वेळ मिळतो. फिनलंडमध्ये व्हर्टानेन नावाच्या शास्त्रज्ञाने गवतावर सरळ आम्लाचं पाणी शिंपडायची पद्धत काढली, त्यांना 1945 चं नोबेल मिळालं. त्यांची अडचण तशी होती. आपल्याकडे फार तर निफाडकडच्या लोकांनी विचार करावा. माझे मेहुणे तिकडे डिसेंबरात बॅगा भरतात. पण त्यांच्याकडेही दुपारी 27-28 असतं, म्हणून ते वेगळं काही करत नाहीत, 45 दिवसांऐवजी 60 दिवस थांबतात एवढंच.

आमचं दुखणं उलटं आहे. भात निघाला की नोव्हेंबरात मका टाकायचा, फेब्रुवारीत दाणा चिकातून पिठात जाताना कापायचा, आणि बॅग उघडायची एप्रिल-मे मध्ये. तेव्हा खाडीची दमट हवा आणि 35 अंश. आंबायला काहीच अडचण येत नाही. नासतं ते उघडल्यावर.

दोन वर्षांमागे माझी टनाची बॅग अशीच गेली. पहिले चार दिवस आंबूस-गोड वास, झकास. आठव्या दिवशी हात घातला तर आत गरम, चटका बसावा असं. मग पांढरी बुरशी. तीन म्हशी, रोजचा 45 किलो मुरघास, म्हणजे टनाची बॅग बावीस दिवस उघडी! चूक माझीच होती. वरचं काढून खालचं घालत राहिलो, म्हशींनी तोंड फिरवलं, दूध निम्म्यावर आलं. अर्धी बॅग उकिरड्यावर गेली आणि मे महिन्यात विकतची वैरण आणली. सिडकोच्या संपादनातून उरलेल्या दीड एकरात मका घेणाऱ्याला तो खड्डा भरून काढायला वर्ष लागतं.

नंतर समजलं, मी जे कल्चर मारलं होतं त्यात नुसता लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम होता. तो साखरेचं लॅक्टिक आम्ल पटकन करतो, पीएच चारपर्यंत आणतो. पण लॅक्टिक आम्लाने यीस्ट आणि बुरशी काही अडत नाहीत. हवा लागली की यीस्ट तेच आम्ल खातं, त्यातून उष्णता. आपल्या उन्हाळ्याला बुकनेरी लागतो. तो थोडं ॲसेटिक आम्ल करतो आणि तेच यीस्टला रोखतं. मात्र तो हळू चालतो, दोन महिने तरी बॅग बंद हवी. तिसाव्या दिवशी फोडाल तर पैसे पाण्यात. (2020 पासून दोघांची नावं बदललीत, लॅक्टिप्लँटिबॅसिलस आणि लेंटिलॅक्टोबॅसिलस. पाकिटावर कुठलंही असू शकतं.)

म्हणून माझं म्हणणं, पाकीट घेताना "कल्चर द्या" म्हणू नका, आत कोण आहे ते वाचा. जिवंत संख्या पण बघा. चाऱ्याच्या एका ग्रॅमला 1 लाख जिवाणू लागतात, म्हणजे टनाला दहा हजार कोटी. पाकिटावर ग्रॅममागे 100 कोटी लिहिलं असेल तर टनाला 100 ग्रॅम. आकडाच छापला नसेल तर पाकीट परत ठेवा. आणि हे जिवाणू जिवंत माल आहे. आपल्याकडे ते पाकीट टेम्पोतून येतं, पत्र्याच्या दुकानात खताच्या गोणीवर पडून राहतं. थंडी लागते ती इथं! आम्ही दूध फ्रीजमध्ये ठेवतो आणि दूध देणारीच्या चाऱ्याचं कल्चर उन्हात. पाणीसुद्धा नळाचं घेऊ नका, क्लोरीन त्यांना मारतं. विहिरीचं घ्या, नाहीतर रात्रभर उघडं ठेवलेलं.

अर्थात, कुट्टी जाड आणि दाबणी ढिली असेल तर कुठलंच कल्चर वाचवत नाही. दोन सेंटिमीटरची कुट्टी, घनमीटरमध्ये साडेसहाशे किलोच्या आसपास दाब, हे आधी. भाताचा पेंढा तर मुरघासाला घेऊच नका, त्यात ना ओल ना साखर. त्याला 4 टक्के युरियाची प्रक्रिया बरी.

मी आता टनाची बॅग सोडली. 200 लिटरचे झाकणाचे ड्रम घेतलेत, एकात सव्वाशे-एकशेतीस किलो बसतो, तीन दिवसांत संपतो. मोठा गोठा असेल त्याला हे परवडणार नाही, ते मान्य. दापोली विद्यापीठातले किंवा पशुवैद्यकीयचे कोणी वाचत असतील तर सांगा: दमट कोकणात बुकनेरीच्या बॅगा उघडल्यावर किती दिवस टिकल्या? मी या फेब्रुवारीत चार ड्रम बुकनेरीचे आणि चार साधे भरतोय. मे मध्ये रोज थर्मामीटर खुपसून आकडे इथंच टाकतो.