हरित घर : प्रमाणपत्रातले आणि प्रत्यक्षातले

ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांसाठी एमएमआरडीएची ‘नवनगर विकास प्राधिकरण’ म्हणून नेमणूक केली. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर असे नाव मिळाले. वृत्तपत्रांनी ‘तिसरी मुंबई’ म्हणून त्याचे बारसे त्याआधीच उरकले होते. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आता या पट्ट्यातील भातखाचरांचे पुढे काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज उरलेली नाही. जमिनीचा मोबदला, गावठाणाच्या सीमा, विकसित भूखंडातील वाटा या प्रश्नांवर गावागावांतून हरकती नोंदविल्या गेल्या आणि ते योग्यच झाले. परंतु या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. येथे जी असंख्य घरे उभी राहणार, ती राहण्यास कशी असणार?

हा प्रश्न विचारताच एक तयार उत्तर पुढे केले जाते. घरे ‘हरित’ असणार! पनवेल-उरण रस्त्यावरील जाहिरात फलकांवर नजर टाकली, तर हिरवे पान नसलेला फलक शोधावा लागेल. त्या पानामागे नेमके काय असते, हे मात्र घर घेणाऱ्यास क्वचितच ठाऊक असते. म्हणून या हरित मानांकनांची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडे आज मुख्यतः चार मानांकने प्रचलित आहेत. ‘लीड’ हे मूळचे अमेरिकेचे. भारतात त्याची ओळख झाली ती हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरमुळे. २००३ साली अमेरिकेबाहेर लीडचे सर्वोच्च ‘प्लॅटिनम’ मानांकन मिळविणारी ती पहिली इमारत ठरली आणि २००४मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी तिचे उद्घाटन केले. (मधले अंगण आणि जाळीच्या भिंती ही त्या इमारतीची वैशिष्ट्ये. आपल्याच वाड्या-मंदिरांतील या गोष्टींना परदेशी पदक मिळाले तेव्हा कुठे आपल्या वास्तुरचनाकारांना त्यांची आठवण झाली, हा भाग वेगळा.) भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ साली स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने, म्हणजे आयजीबीसीने, पुढे निवासी इमारतींसाठी स्वतःचे ‘ग्रीन होम्स’ मानांकन तयार केले. ‘टेरी’ ही संस्था आणि केंद्राचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ‘ग्रिहा’ विकसित केले. २००७ साली ते राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारले गेले. त्यात एक ते पाच तारे मिळतात. चौथे ‘एज’, जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे. त्याची मागणी आटोपशीर आहे. नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्यातील ऊर्जा, या तिन्हींत किमान २० टक्के बचत.

या चौघांची तुलना करताना ‘अमुक श्रेष्ठ, तमुक कनिष्ठ’ असा निवाडा देण्यात अर्थ नाही. चारही पद्धती अभ्यासपूर्वक तयार झाल्या आहेत आणि प्रत्येकीत काही किमान अटी अनिवार्य आहेत. अडचण त्यांच्या गुणमेळाच्या स्वरूपात आहे. लीड, आयजीबीसी आणि ग्रिहा यांत अनेक विषयांचे गुण एकत्र मोजले जातात. पावसाचे पाणी साठविणे, कचऱ्याचे वर्गीकरण, कमी पाण्याचे नळ, विद्युत वाहनांच्या चार्जिंगची सोय, स्थानिक साहित्याचा वापर हे सारे चांगलेच आहे. पण किमान अट ओलांडली की एका विषयातील उणीव दुसऱ्या विषयातील गुणांनी भरून काढता येते. विद्यार्थ्याने गणितात जेमतेम पस्तीस गुण मिळवावेत आणि चित्रकला-संगीताच्या जोरावर प्रथम श्रेणीत यावे, तसा हा प्रकार. प्रगतिपुस्तक सुंदर दिसते. परंतु वैशाखात शेवटच्या मजल्यावरील शयनगृहात झोपणाऱ्यास सरासरीचा उपयोग काय?

येथे चिरनेरच्या हवामानाकडे यावे लागते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. त्यांत कोकणपट्टी उष्ण-दमट विभागात मोडते. या विभागात हवा तापते त्याहून अधिक ती चिकटते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही. अशा जागी शरीराला आराम मिळतो तो दोन गोष्टींनी : डोक्यावरचे छप्पर तापू न देणे आणि घरातून वारा खेळता ठेवणे. उत्तर युरोपात नेमके उलटे. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ साली पहिले ‘पॅसिव्ह हाऊस’ उभे राहिले. घर उबदार ठेवण्यास प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटांहून अधिक ऊर्जा लागू नये, हा त्याचा दंडक. त्यासाठी ते घर हवाबंद असावे लागते. थंडीला बाहेर ठेवण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पण तोच आदर्श उरणच्या खाडीकाठी आणून ठेवला, तर खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

कोकणच्या जुन्या घराने ही दोन्ही गणिते सोडविली होती. उतरते कौलारू छप्पर, त्याखाली मोकळी माळवद-पोकळी, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, जांभ्याची जाड किंवा कुडाची हलकी भिंत, पुढे-मागे पडवी आणि भिंतीवर ऊन वा पाऊस पडू न देणारी लांब पागोळी. त्या घरांत दोष नव्हते असे नाही. अंधार होता, धूर होता, दरवर्षी कौले चाळावी लागत. कोणी आज त्या घरात परत जावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण ते घर जेथून आले, ते रान या गावाला किती प्रिय होते, याला इतिहास साक्ष आहे. घराच्या वाशापासून चुलीच्या सरपणापर्यंत ज्या जंगलावर गाव जगत होते, त्याचे नियम परक्या सत्तेने ठरवावेत, हे चिरनेरने मान्य केले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. आपल्या निवाऱ्याचे नियम कोण आणि कोणासाठी ठरवतो, हा प्रश्न या गावात नव्याने विचारला गेला तर नवल वाटू नये.

आता त्या कौलांची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली आहे. पाच-सहा इंचांच्या उघड्या स्लॅबमधून आत येणारी उष्णता मोजण्याचे जे माप आहे, ते तीनच्या वर जाते. केंद्र शासनाच्या ऊर्जा दक्षता कार्यालयाने (बीईई) १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिने छपरासाठी ठरविलेली कमाल मर्यादा १.२ आहे. म्हणजे आज गावोगावी बांधली जाणारी उघडी गच्ची मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक उष्णता आत सोडते! हा दोष दूर करण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. स्लॅबवर उष्णतारोधक फोमचा इंचभर थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घातली, तरी ही मर्यादा पाळली जाते.

ही संहिता आणि वरील चार मानांकने यांतील फरक मुळातला आहे. संहिता तारे देत नाही. ती घराच्या कवचाविषयी मोजके प्रश्न विचारते : भिंती आणि खिडक्या मिळून किती उष्णता आत येते, छपरातून किती येते, वारा येण्यास किती जागा आहे आणि उजेड पुरेसा आहे का. उत्तर एकतर मर्यादेत बसते किंवा बसत नाही. छपराची उणीव सायकलस्टँडने भरून निघत नाही.

त्यातील वाऱ्याची अट विशेष पाहण्याजोगी आहे. उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्या, झरोके आणि बाहेर उघडणारी दारे यांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असले पाहिजे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. गोम आहे ती ‘उघडता येणाऱ्या’ या शब्दात. नवी मुंबईतील बहुतेक सदनिकांत सरकत्या काचांची खिडकी असते आणि ती कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. संहिता तिला निम्मीच मोजते. चारी बाजूंनी काच दिसावी म्हणून मोठी खिडकी लावायची, ती निम्मी बंद ठेवायची, तिच्यावर छज्जा द्यायचा नाही आणि दुपारी पडदे ओढून यंत्र सुरू करायचे, ही सध्याची रीत. भिंतींचेही तेच. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या पातळ भिंतींनी मनोरा लवकर उभा राहतो, पण ती भिंत विटेच्या भिंतीहून कितीतरी अधिक उष्णता आत सोडते. हलक्या एएसी ठोकळ्यांची भिंत त्या मानाने पुष्कळ बरी.

मग विकासक मानांकनाच्या मागे का लागतो? उत्तर राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. मुंबई, नैना अशी काही क्षेत्रे वगळता बहुतांश महाराष्ट्रास ती लागू आहे. मानांकनाच्या श्रेणीनुसार मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव निर्देशांक द्यावा, अशी तीत तरतूद आहे. ४,४०० चौरस मीटर बांधकामाच्या प्रकल्पास सर्वोच्च श्रेणीबद्दल ३०८ चौरस मीटर, म्हणजे तीन हजारांहून अधिक चौरस फूट जादा बांधता येतात. पनवेलच्या बाजारभावाने त्याची किंमत किती होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. प्रोत्साहन देण्यास हरकत नाही आणि श्रेणी न मिळाल्यास दंडाची तरतूदही नियमात आहे. पण मोबदला मिळतो तो इमारत पूर्ण होण्याच्या टप्प्यावरील कागदपत्रांना. पुढील पंचवीस वर्षे विजेचे देयक भरतो तो रहिवासी. त्याच्या देयकाशी त्या जादा चौरस फुटांचा काहीही संबंध जोडलेला नाही. लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. पहिल्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वीजवापराची नोंद पाहून वाढीव निर्देशांकाचा हिशेब पुरा करावा, एवढी सुधारणा केली तरी पुष्कळ ढोंग गळून पडेल.

संहितेचीही कमतरता आहे आणि ती चिरनेरच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी ती रचली गेली. म्हणजे सुमारे पाच गुंठे. दोन-तीन गुंठ्यांत घर बांधणारा शेतकरी तिच्या कक्षेबाहेर. २०२२च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारती प्रथमच कायद्याच्या चौकटीत आल्या, पण त्या १०० किलोवॅट जोडभाराच्या, म्हणजे मोठ्या संकुलांच्या. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे. सिडकोच्या काळात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर काय उभे राहिले, ते उलवे-द्रोणागिरीत कोणीही पाहावे. नव्या नगरात मोबदल्याची रक्कम हाती येताच गावठाणांत पहिली बांधली जाणार आहेत ती हीच छोटी घरे. त्यांच्या मालकांसाठी ना ताऱ्यांची योजना आहे, ना संहितेची सक्ती, ना सल्ला देणारा कोणी. ठेकेदार सांगेल तो स्लॅब आणि दुकानदार सांगेल ते यंत्र.

फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना अशा घरांना उपयोगी आहे, यात शंका नाही. तीन किलोवॅटच्या सौरसंचास ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण क्रम चुकता कामा नये. तापलेल्या स्लॅबवर सौरपट्ट्या बसवून त्या विजेवर खालची खोली थंड करीत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय. आधी छपराला उष्णतारोधक थर, मग सौरपट्ट्या.

नवनगराची नियमावली आणि नकाशे ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी म्हणूनच ताऱ्यांची चर्चा थोडी बाजूला ठेवावी. छपराची १.२ची मर्यादा, एक षष्ठांश उघडी जागा आणि दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा या तीन अटी भूखंडाचा आकार न पाहता प्रत्येक नव्या घराच्या बांधकाम परवान्यात घालाव्यात. ज्याला पुढे जाऊन आयजीबीसीचे वा ग्रिहाचे मानांकन घ्यायचे असेल, त्याने खुशाल घ्यावे. आणि या तीन अटी सोप्या मराठीत, आकृत्यांसह एका पानावर छापून १२४ गावांच्या ग्रामपंचायत कार्यालयांत लावाव्यात. घर बांधायला निघालेल्या माणसाने ते पान ठेकेदाराच्या हाती द्यावे आणि स्लॅब ओतण्याआधी त्यावर त्याची सही घ्यावी.