अळिंबीचा अर्क आणि कांद्याची साक्ष

औषधी अळिंबीचा अर्क माणसास गुणकारी, म्हणून तो पिकासही हितकारकच असणार, ही समजूत तर्कास धरून नाही. पूर्वेकडील देशांत गॅनोडर्मा ही बुरशी शतकानुशतके औषधी मानली गेली. परंतु तिचेच भाऊबंद नारळाची मुळे कुजवून उभे झाड वठवितात. १९७७ साली जर्मनीत एका लहानशा अळिंबीतून स्ट्रोबिल्युरिन द्रव्ये मिळविण्यात आली. त्यांच्या धर्तीवर बनविलेले अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन १९९६ मध्ये बाजारात आले. द्राक्षावरील भुरी व केवडा यांस आळा घालणारे हेच औषध सफरचंदाच्या काही जातींस मात्र इजा करते. सारांश, गुण व दोष एकाच द्रव्यात नांदू शकतात.

यास्तव कोणताही नवा अर्क शेतात नेण्यापूर्वी त्याची पारख झाली पाहिजे. त्यासाठी कांद्यासारखा स्वस्त साक्षीदार नाही. १९३८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवर कॉल्चिसिनचा परिणाम अभ्यासला. तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन अखंड चालू असते. विषारी द्रव्य पोचताच ते मंदावते आणि मुळाची वाढ खुंटते. कांद्याची गुणसूत्रे अवघी सोळा व आकाराने मोठी असल्याने त्यांतील बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो.

सूक्ष्मदर्शक नसला तरी पहिली चाचणी गावातही होऊ शकते. सारख्या आकाराचे कांदे घेऊन त्यांचे बूड स्वच्छ पाण्यास टेकवून ठेवावे. मुळे फुटल्यावर निम्मे कांदे फवारणीइतक्या पातळ केलेल्या अर्कावर व निम्मे साध्या पाण्यावर ठेवावेत. तीन दिवसांनी मुळांची लांबी मोजावी. अर्क स्पिरिटमध्ये काढला असल्यास तितकेच स्पिरिट मिसळलेल्या पाण्यावर तिसरा गट ठेवावा. अन्यथा स्पिरिटचा दोष अळिंबीच्या माथी बसेल.

मात्र या साक्षीचीही मर्यादा ओळखावी. मुळे खुंटली तर अर्क शेतात नेऊ नये. मुळे नीट वाढली म्हणून तो प्रत्येक पिकास किंवा माणसास निर्धोक ठरत नाही. पुढची परीक्षा मोजक्या झाडांवरच व्हावी. विक्रेत्याच्या शब्दावर सारे शेत पणास लावण्यापेक्षा चार कांदे खर्ची घालणे केव्हाही शहाणपणाचे. हा विवेक शेतकऱ्यांत रुजविणे हे ग्रामसेवकाचे कर्तव्य होय.