इंजिनाच्या पोटातली शिल्लक

शाहपुऱ्याच्या तलावाकाठी संध्याकाळी दोन फेऱ्या मारून परतताना चुलतबंधूंच्या घरी चहाला थांबायचे, हा आमचा अनेक वर्षांचा क्रम आहे. दादा 'भेल'मधून निवृत्त झाले. जलविद्युत केंद्रांची टर्बाइने बनविण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त रोज मंडीदीपला जातात आणि वर्षातून दोनदा आईला घेऊन मोटारीने पुण्याला जातात. मोटार २०२१ साली घेतलेली, चाकणला बनलेली पोलो; एक लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणि त्याला टर्बो. गेल्या महिन्यात चहाच्या टेबलावर कागद पसरून चिरंजीव म्हणाले, "काका, गाडी ट्यून करवायची आहे. हमीची मुदत संपली, आता कुणाची आडकाठी नाही. बाबा ऐकत नाहीत, तुम्ही सांगा." 'करवायची' ही भोपाळची मराठी, तिला आम्ही नावे ठेवीत नाही, आमच्याही तोंडी ती बसलेली आहे.

आम्ही यंत्रज्ञ नाही. पण टर्बोशी आमची ओळख जुनी आहे. इटारसीकडून येणारी डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने बुदनी-बरखेड्याचा घाट चढताना काळ्या धुराचा लोट सोडीत, तो आम्ही लहानपणी खिडकीतून पाहिलेला आहे. ड्रायव्हर वरचा खटका देई, डिझेल ताबडतोब वाढे; पण हवा पुरविणारा टर्बो गती घ्यायला वेळ लावी. तेवढ्या वेळात अर्धवट जळालेले इंधन धूर होऊन बाहेर पडे. टर्बोचे सारे मर्म या एका धुरात आहे.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती ऐकायला सोपी आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून शक्ती जास्त. छोट्या मोटारीतले हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे. इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. साध्या इंजिनाला ती तूट सोसावी लागते, टर्बो ती बरीचशी भरून काढतो.

मात्र हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, ते याचमुळे. तापलेल्या हवेत उरलेले पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणच पेटू लागते. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनला त्याच्याइतका घातक शत्रू नाही. म्हणून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो आणि चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बोची मोटार निघाली. तिच्यात नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. कित्येक मालक ती भरायलाच विसरत. मालकाचा हा स्वभाव कारखानदारांनी तेव्हापासून ध्यानात ठेवलेला दिसतो.

आता चिरंजीवांच्या कागदाकडे वळू. त्यावर चार पर्याय होते. सर्वांत स्वस्त 'पेडल बॉक्स'. त्याने शक्ती तसूभरही वाढत नाही. पाय थोडा दाबला तरी जास्त दाबला असे इंजिनाच्या संगणकाला कळविले जाते, एवढेच. गाडी चपळ झाल्याचा भास होतो. भासासाठी पैसे मोजावेत की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा पर्याय म्हणजे वायरींच्या मध्ये जोडायची डबी. तिला ट्यूनिंग बॉक्स किंवा पिगीबॅक म्हणतात. ही डबी संगणकाशी चक्क खोटे बोलते. हवेचा दाब प्रत्यक्षात आहे त्याहून कमी असल्याचे सांगते. मग बिचारा संगणक टर्बोला आणखी दाब द्यायला लावतो. काढून ठेवता येते हा तिचा मोठा गुण सांगितला जातो. ज्याच्या भरवशावर इंजिन जपायचे त्यालाच अंधारात ठेवायचे, हे आमच्या मनाला काही पटले नाही.

तिसरा पर्याय रीमॅपचा, ज्याला 'स्टेज १' म्हणतात. चिरंजीवांचा जीव यावर जडलेला. यात संगणकातले तक्तेच बदलतात: दाब किती, ठिणगी केव्हा, इंधन किती, जोर कोठे रोखायचा. खोटेपणा नाही, जाणकाराने केले तर डबीपेक्षा हे काम नि:संशय सरस. टर्बो पेट्रोल इंजिनात वीस ते तीस टक्के वाढ सर्रास सांगितली जाते. पोलोची कागदावरची शक्ती ११० पीएस आणि जोर १७५ न्यूटन-मीटर. पंचवीस टक्के धरले तर जोर २१९ च्या घरात जातो. तो जोर क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यातूनच चाकांपर्यंत जायचा आणि त्यांचे तक्ते कुणी बदललेले नसतात. चौथा पर्याय 'स्टेज २' आणि पुढचा: मोठा इंटरकूलर, मोकळी धुराची नळी, अखेरीस मोठा टर्बो. पुष्कळदा त्यात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढतात. मुले-नातवंडे असलेल्या वस्तीत त्याचा विचारही नको.

"पण काका," चिरंजीव म्हणाले, "हेच इंजिन कंपनी दुसऱ्या गाड्यांत ११५ पीएसचे म्हणून विकते, परदेशात ९५ चेही विकते. म्हणजे आत शिल्लक ठेवलेली आहे ना?"

मुद्दा खोटा नव्हता. उत्तर दादांनी दिले. ते सहसा वादात पडत नाहीत. "शिल्लक आहे. पण ती गिऱ्हाइकासाठी नसते बाळ, चुकीसाठी असते. पेट्रोल वाईट मिळाले, तेल उशिरा बदलले, मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत एसी लावून घाट चढला, या सगळ्यांची ती तजवीज. तू ती आधीच खर्च केलीस तर त्या दिवशी काय वापरणार?"

त्या मे महिन्याचे आणखी एक गंमतशीर सत्य आहे. नॉकिंगची चाहूल लागताच संगणक ठिणगी मागे ओढतो आणि शक्ती कमी करतो. पैसे देऊन मिळविलेली वाढ आपल्या उन्हाळ्यात बरीचशी अशी परत जाते. ती खरी भेटते जानेवारीच्या पहाटे.

रेल्वेने हे काम कसे केले, हे यावेळी आम्हाला आठवले. त्याच डब्ल्यूडीएम-२ ची २६०० अश्वशक्ती वाढवून डब्ल्यूडीएम-३ए मध्ये ३१०० केली गेली. म्हणजे सुमारे एकोणीस टक्के, आपल्या 'स्टेज १' इतकीच. परंतु नुसते डिझेल वाढवून ते साधले नाही. टर्बो अधिक कार्यक्षम घेतला, हवा थंड करणारा कूलर मोठा केला, इंधनाचे पंप आणि कॅमशाफ्ट बदलले. साऱ्या साखळीचा विचार झाला. मोटारीच्या बाबतीत साखळीचा विचार करणारा माणूस भेटला आणि त्याने डायनोवर, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर आधीचे आणि नंतरचे आकडे मोजून दिले, तर आमचा विरोध निम्मा तरी मावळेल.

उरलेला निम्मा वहिनींनी उभा केला. त्या आतून भाजी निवडत ऐकत होत्या. "बिजासनच्या घाटात काही झाले तर विमा मिळेल का?"

कुणीच बोलले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून दूर जाणारा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलांना दरबदली पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ठेवली. पीयूसीचे प्रमाणपत्र मिळते म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ती तपासणी उभ्या गाडीची होते, घाटात भरवेगाने चढणाऱ्या गाडीची नव्हे. विम्याचे तर उघड आहे: गाडीतला महत्त्वाचा बदल कंपनीला कळविला नसेल तर दावा नाकारायला तिच्या हाती निमित्त येते. हमीची मुदत संपते. विम्याची दरवर्षी नव्याने सुरू होते. चिरंजीवांच्या हिशेबात नेमका हाच फरक सुटला होता.

"विमा कंपनीला पत्र लिही," आम्ही सुचविले. "बदल कळव, लेखी होकार माग. आला तर पुढचे बोलू."

पत्र गेले. उत्तर अद्याप आलेले नाही. मध्यंतरी पुण्याची खेप जवळ आली, म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतून चार टायर, ब्रेकचे पॅड आणि नवे स्पार्क प्लग घेतले गेले. जुने टायर पाहून दादा अवाक् झाले; त्यांवरची नक्षी जवळजवळ पुसलेली होती. त्याच टायरांवर पंचवीस टक्के जास्त जोर टाकायचा बेत होता.

परवा पुण्याहून फोन आला. घाट सुखरूप पार पडला. वहिनी म्हणाल्या, वळणावर गाडी आता घट्ट बसते. चिरंजीव मागून ओरडले, "काका, चढावर ट्रक ओलांडताना अजूनही जरा कमी पडते हो!" कागद त्यांनी टाकून दिलेला नाही, हे आम्ही समजलो.