विकत घेतलेला होन, जिंकलेली तलवार
समजा, कुणी चंद्रपूरच्या परकोटावर ऑनलाइन आरपीजी रचला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर ही चार दारं, झरपटीचा काठ, खांडक्या बल्लाळशहाच्या दंतकथेत शिकारी कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा. मसाला तयारच आहे. खेळाडू वीस रुपयांत खेळातले दोनशे होन घेतो, दहा होन भरून पठाणपुऱ्याच्या लढाईत उतरतो आणि तलवार जिंकतो.

ही करमणूक की पैशाचा खेळ?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात याचं सरळ उत्तर सापडत नाही. पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी, टोकन आणि वस्तूही त्यात पणात मोजल्या आहेत. असा पण लावून आर्थिक आणि अन्य लाभाच्या आशेने खेळलेला खेळ बंद. मग तलवार हा ‘अन्य लाभ’ आहे का? अर्थ चुकला तर निर्मात्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. निव्वळ करमणुकीच्या खेळाला वर्गणी किंवा एकदाच प्रवेशशुल्क घेता येईल, असं कायदा स्पष्ट सांगतो. खेळातल्या किरकोळ विक्रीबद्दल तेवढं स्पष्ट काहीच नाही.

वर्गणीचा हिशेब अल्टिमा ऑनलाइन या खेळाच्या काळातला, १९९७ चा. दक्षिण कोरियाच्या मेपलस्टोरीने २००३ मध्येच प्रवेश फुकट ठेवून वस्तू विकायला काढल्या होत्या. एटापल्ली-भामरागडच्या पोराने महिन्याची वर्गणी कुठून भरायची? नेटवर्क चार दिवस गेलं तर ती वायाच. त्याला दहा-वीस रुपयांची खरेदीच परवडते, आणि नेमकी तीच मसुदा लिहिणाऱ्यांनी संदिग्ध ठेवली.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये बोट नेमकं लूट बॉक्सवर ठेवलं: पैसे मोजायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर. समोर दिसणारी तलवार ठरल्या भावाने विकणं वेगळं. इथेही अशी रेघ ओढता येते.

पण ती मागायची कुणी? या धंद्यातले कितीतरी लोक अजून गप्प आहेत, काही जण तर अशा नशिबाच्या पेट्याच विकताहेत. त्या आधी बंद करा! विकतचे आणि कमावलेले होन वेगळ्या खात्यांत ठेवा, त्यांचे पुन्हा रुपये होण्याची प्रत्येक वाट बुजवा. मग आपल्या दुकानातल्या एकेका वस्तूचं नाव घेऊन केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला लेखी विचारा आणि पत्राची प्रत महिनाअखेरपर्यंत या मासिकाकडे पाठवा. आलेली उत्तरं इथे जशीच्या तशी छापली जातील.