लांडगा ऐकत नाही
रविवारच्या आमच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावात सगळ्यात जास्त वेळ राक्षस खात नाहीत, एका मित्राचा लांडगा खातो. मित्र अजून 2003 सालची साडेतीनवी आवृत्ती धरून बसलाय, आणि खरं सांगायचं तर जनावराच्या बाबतीत मलाही तीच पटते. शिकवलेली गोष्ट करून घ्यायलासुद्धा वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि कौशल्याची भर घालून 10 गाठायचे; न शिकवलेली हवी तर 25. लांडगा जखमी असला की आकडा आणखी दोनाने चढतो. एकेक गोष्ट शिकवायला आठवडा लागतो आणि लांडग्याच्या डोक्यात मावतात फक्त सहा. त्यात मेख अशी, की नुसतं ‘धर’ शिकलेला लांडगा माणसावर धावतो, भुताखेतांवर नाही. त्यासाठी सहातल्या दोन जागा द्याव्या लागतात. मित्राने तिथे काटकसर केली होती. परवा तळघरात सापळे चाल करून आले आणि लांडगा जागचा हलेना. ‘अरे, नुसती हाडं आहेत ती!’ असं ओरडत मित्राने फासा फेकला. पडले 4. डाव चालवणारीने चिवडा खाता खाता सांगितलं, लांडग्याने शेपूट पायात घातलीय. 2014च्या नियमांत जनावर मुकाट ऐकायचं, पण त्याला हल्ला करायला सांगितलं की मालकाचा स्वतःचा वार बुडायचा. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि 2020मध्ये सुटसुटीत पर्याय आला. तो सुचवून पाहिला. मित्र म्हणाला, ‘मी लांडगा पाळलाय, रिमोटची गाडी नाही.’