आधी शब्द, मग आराम, मग रूप



आजचा विषय थोडा वेगळा आहे. हल्लीची मुलं कानांवर जे भलेमोठे हेडफोन चढवून बसतात, त्यांची पारख कशी करावी यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. "आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं घरातून विचारून झालेलं आहेच. कळतं ते इतकंच, की पोलादपूर आणि महाड मिळून तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. आपलं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचलं की नाही हे बघणं हाच माझा धंदा होता. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर त्या शेवटच्या बाकावर मीच जाऊन बसलो आहे!

झालं असं की आमच्या पुतण्याने पुण्याहून बॅटरीवर चालणारा हेडफोन आणून दिला. यात आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. टीव्ही मोठ्याने लावला की सौ. वैतागते, शेजारी खिडकी लावून घेतात. त्यावर हा उपाय. हेतू चांगला होता. पण वस्तू हातात आल्यावर घरातला प्रत्येकजण पहिल्यांदा काय म्हणाला, तर "काय मस्त दिसतोय!" माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

कोणतीही कानावर लावायची वस्तू आपण रूप, आराम आणि आवाज या तीन विषयांत तपासतो, आणि नेमकी याच क्रमाने. माझ्या मते क्रम उलटा हवा. मास्तरकीची सवय, म्हणून गुणच ठरवून टाकतो. आवाजाला ५०, आरामाला ३५ आणि रूपाला १५. आवाजात नापास झाला तर बाकीच्या विषयांत पैकीच्या पैकी मिळूनही वरच्या वर्गात घालू नये.

आधी आवाजाचं बघू. जाहिरातीत 'दमदार बेस' हे शब्द हटकून असतात. बेस म्हणजे खालचा, घुमणारा आवाज, तबल्याच्या बायाचा. तरुण कानांना तो आवडतो, आवडू दे. पण वयोमानाने कान उतरतात ते वरच्या बाजूने. घुमणारं ऐकू येत राहतं आणि बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात. आपल्या भाषेतले स्वर, आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, च, त, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळातच नाजूक. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात. बाजारात भाजीवाली सात म्हणाली की साठ, हा प्रश्न त्यातूनच येतो.

तर मी श्रुतलेखन घेतलं, माझं स्वतःचंच. सूनबाईकडून दहा शब्द फोनवर रेकॉर्ड करून घेतले, वाटेल तसे उलटसुलट: सात, साठ, पाट, पाठ, पळ, फळ, कात, खात, चार, सार. कानातलं यंत्र डबीत ठेवलं, हेडफोन लावला आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. दहापैकी सहा बरोबर. आवाज वाढवला. दहापैकी सहाच! फक्त कान दुखायला लागले. मग हेडफोन काढून नेहमीचं श्रवणयंत्र लावलं आणि तेच शब्द पुन्हा ऐकले. दहापैकी नऊ.

यातली गोम अशी, की साधा अ‍ॅम्प्लिफायर सगळंच सरसकट वाढवतो. जे आधीच नीट ऐकू येतं तेही वाढतं आणि जे हरवलंय ते त्याखाली पुन्हा दबतं. नीट बसवलेलं श्रवणयंत्र तुमच्या कानाचा आलेख बघून जिथे खड्डा आहे तिथेच भर घालतं. हळू आवाज जास्त उचलतं, मोठा कमी. सगळ्या वर्गाला एकच गृहपाठ देणारा मास्तर आणि प्रत्येकाची वही बघणारा मास्तर, इतका फरक आहे.

म्हणून हेडफोन टाकाऊ आहे असं नाही हं. गाण्यासाठी तो उत्तम आहे. तानपुऱ्याची जवारी, दोन स्वरांमधली मींड, गवयाने घेतलेला श्वास हे सगळं पुन्हा भेटलं, आणि तेही शेजाऱ्यांना न छळता. हेडफोन घ्यायचा असेल तर दुकानात ढोल-ताशा लावून तपासू नका. तानपुरा लावा आणि एखादी बातमी लावा. आवाज मध्यम ठेवा. मध्यम आवाजात जो गोड वाटतो तो खरा. मोठ्या आवाजात सगळेच भारदस्त वाटतात, सभेतल्या वक्त्यांसारखे.

आणि मोठ्या आवाजाला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गणपतीत डीजेसमोर नाचणाऱ्या आणि रात्री हेडफोन लावून झोपणाऱ्या पोरांना हे गणित कुणीतरी शिकवायला हवं. त्यांची सत्तरी पन्नाशीतच येईल याची मला काळजी वाटते.

आता आराम. दुकानात दोन मिनिटं लावून बघण्याला काही अर्थ नाही. दीड-दोन तास लावून बघा. महाडचा एप्रिल-मे ज्यांनी सोसलाय त्यांना सांगायला नको, रेक्झिनच्या गाद्या कानांना वाफवून काढतात. कापडी गाद्या बऱ्या. दुसरी अडचण चष्म्याची. चष्म्याच्या काड्या दाबून हेडफोन बसला की कानामागे वळ उठतात, आणि सैल बसला की फटीतून आवाज गळतो. आमच्या वयात चष्मा सगळ्यांनाच असतो, पण डोक्यावर चष्मा आहे असं धरून हेडफोन बनवणारा कारागीर अजून जन्माला यायचाय बहुतेक! श्रवणयंत्र कानामागे ठेवून वर हेडफोन चढवला तर ते शिट्टी मारतं, हेही सांगून ठेवतो.

श्रवणयंत्रालाही आपली हवा मानवत नाही. त्याच्या छोट्या बॅटऱ्या हवेवर चालतात. वरचा रंगीत कागद सोलला की हवा आत जाते आणि त्या जाग्या होतात. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात, तिथे या यंत्राचं काय होणार? नळीत पाण्याचे थेंब जमतात. उपाय सोपा आहे. रात्री यंत्र पुसून, बॅटरीचं दार उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवायचं.

शेवटी रूप. इथे मला खरंच राग येतो. वीस वर्षांचा मुलगा वाटीएवढे हेडफोन लावून महाडच्या बाजारातून फिरला तर ती फॅशन. सत्तर वर्षांच्या माणसाने करंगळीच्या पेराएवढं यंत्र लावलं तर ते "अरेरे, कान गेले वाटतं!" आपल्या पूर्वजांनी भिकबाळी, कुड्या, बुगड्या घालून कान मिरवले. चष्मा लावताना आज कुणी लाजत नाही. मग कानालाच ही लपवाछपवी का? माझ्या ओळखीत असे तीन-चार जण आहेत ज्यांची यंत्रं कपाटात लग्नाच्या शालूसारखी जपून ठेवलेली आहेत. ही माणसं हळूहळू गावकीच्या बैठकीला जाईनाशी होतात, भजनात मागे बसतात, मुंबईहून आलेल्या नातवाशी फोनवर बोलायचं टाळतात. घरचे समजतात, म्हातारा तुसडा झालाय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत कमी ऐकू येणं हे टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये धरलंय. तेव्हा लाजेची किंमत फार मोठी पडते.

मजा म्हणजे आता दोन्ही वस्तू एकमेकींच्या जवळ येताहेत. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ या कानातल्या बोंडांना, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्र म्हणून वापरायची सरकारी मान्यता मिळाली. किमतीचं सोडा, पण याने एक फार चांगलं होईल. कानात काही दिसलं की तो बहिरा की गाणं ऐकणारा, हे कळणारच नाही.

आपल्या भागातल्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन आता सर्रास मिळतात. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीला कंटाळून अमर बोस यांना ही कल्पना सुचली. विमानात ती सोयीची आहे. पण महाड-पोलादपुरात जुलै महिन्याच्या रात्री? २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. महाड शहर त्याच वेळी पुराच्या पाण्यात होतं. डोंगराखाली राहणाऱ्याला ओढ्याचा बदललेला सूर, झाडं मोडल्याचा आवाज, शेजाऱ्याची हाक, हे सगळं कानानेच कळतं. अशा रात्री कान बंद करणारं यंत्र लावून झोपू नये. आणि ज्यांना यंत्राशिवाय ऐकू येत नाही त्यांनी ते हाताशी ठेवावं. त्यांना हलवून उठवायची जबाबदारी घरातल्या एकावर नेमून द्यावी. पावसाळ्याच्या तयारीत आपण मेणबत्ती, टॉर्च आठवणीने ठेवतो. हेही त्यातच धरा.

पैशांचा प्रश्न आहेच. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू माणसाला अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये ठरवले. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा यांना ते पुरतील. चांगल्या श्रवणयंत्राला पुरत नाहीत. माझं म्हणणं असं, की सरकारने यंत्राआधी तपासणीकडे बघावं. तालुक्याच्या गावी ठरलेल्या दिवशी कान तपासणारा जाणकार बसला तर वाडीवरची म्हातारी एसटीने येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकेल. तपासणीशिवाय वाटलेली यंत्रं कपाटातच जातात. सोनारानेच कान टोचावे, असं आपल्यात उगाच म्हणत नाहीत!

पुतण्याचा हेडफोन माझ्याकडेच आहे आणि राहील. रूपाला १२, आरामाला २०, आवाजाला २८. एकूण साठ. (सात नव्हे!) पहिला वर्ग दिला. पण तो गाण्याच्या वर्गात, बोलण्याच्या नाही.

नातेवाईक मंडळींना एकच विनंती. येत्या दिवाळीला घरातल्या वडीलधाऱ्यांना काही घ्यायचं मनात असेल तर आधी त्यांचे कान तपासून आणा. त्यांच्याशी बोलताना समोर या, ओरडू नका, सावकाश बोला. यासाठी बॅटरीसुद्धा लागत नाही.

असो. आज इतकंच.