सुवेझ : घाम कोणाचा, नफा कोणाचा?

२०२४ साली सुवेझ कालव्याचे उत्पन्न ४ अब्ज डॉलरपर्यंत घसरले. आदल्या वर्षी ते १० अब्जांहून अधिक होते. गाझावरील इस्रायली आक्रमणाची झळ तांबड्या समुद्राला लागली, येमेनच्या हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बड्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणे पत्करले. युद्ध इजिप्तने छेडलेले नव्हते. तोटा मात्र त्याच्या माथी आला. परक्यांच्या हिशेबाचे देणे इजिप्तने फेडावे, ही या कालव्याची जुनीच रीत आहे.

१८५९ साली फर्डिनांड द लेसेप्स यांच्या कंपनीने खोदाई सुरू केली, ती वेठबिगारीच्या बळावर. दरमहा सुमारे २० हजार शेतकरी शेते सोडून वाळवंटात राबत होते. ही वेठ थांबविण्याचा प्रश्न आला तेव्हा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन लवाद झाला. १८६४ साली त्याने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँकची भरपाई देवविली. त्यातले ३ कोटी ८० लाख निव्वळ वेठ बंद केल्याबद्दल! राबणाऱ्यांना नव्हे, राबविणाऱ्यांना भरपाई, हा भांडवलशाहीचा न्याय.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला. मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मुंबई बंदर गजबजले. परंतु जवळ आलेल्या वाटेने हिंदुस्थानचा कच्चा माल अधिक वेगाने बाहेर गेला आणि विलायती कापड अधिक वेगाने आत आले. इकडे कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माईलने १८७५ साली आपले भाग ४० लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकले. १८८० साली नफ्यातील १५ टक्के वाटाही गेला. १८८२ साली ब्रिटिश फौजा उतरल्या. सावकारामागून सैन्य आले, ते असे.

२६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. कंपनीने परदेशी पायलट काढून घेतले. इजिप्शियनांना कालवा चालविता येणार नाही, अशी तिची खात्री होती. वाहतूक एक दिवसही थांबली नाही. मग इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी शस्त्र उपसले. सोव्हिएत इशारा, अमेरिकेचा दबाव आणि आशिया-आफ्रिकेतील जनमत यांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. भागधारकांना १९५८ च्या करारानुसार २ कोटी ८३ लाख इजिप्शियन पौंड मिळाले; खोदताना मेलेल्यांच्या वारसांसाठी त्यात छदामही नव्हता.

कालवा आज इजिप्तचा आहे. परंतु मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज ८ अब्ज डॉलरपर्यंत वाढविताना पौंडाचे अवमूल्यन झाले आणि महागाईचा भार कष्टकऱ्यांवर पडला. मालकी मिळविणे ही अर्धी लढाई होय. सावकाराच्या अटी मोडणे आणि या प्रदेशात न्याय्य शांतता प्रस्थापित करणे, ही उरलेली अर्धी. ती जिंकल्याखेरीज १९५६ चा विजय पुरा होणार नाही.